इयन होमला रंगमंचाची भीती बसली तेव्हा

स्पर्धेच्या प्रयोगात मधेच सगळं पुसलं गेलं, विंगेतून ओळ मिळाली तरी तोंड उघडेना, आणि तेव्हापासून तिसऱ्या घंटेच्या नुसत्या आठवणीनेही हातपाय गार पडतात, असं तू लिहिलं आहेस. आता एका मालिकेत काम मिळतंय. ते घेतलं तर रंगभूमीवरून पळ काढल्यासारखं होईल का, आणि असं कुणा मोठ्या नटाचं कधी झालं आहे का, हे तुझे दोन प्रश्न. मी नाटकं बसवते आणि अभिनय शिकवते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येत राहतात. दर वेळी मी इयन होमबद्दल बोलते. आज सविस्तर लिहिते, कारण घाईत सांगितलं की ती एका हरलेल्या नटाच्या विजयाची गोष्ट होऊन बसते, आणि ती इतकी सरळ नाही.

होमचा चेहरा तू पाहिलेला आहेस. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला म्हातारा बिल्बो, अंगठी मागे ठेवून जाताना ज्याच्या हातून ती सुटता सुटत नाही, तो होम. ‘एलियन’मधला शांत, नीटनेटका शास्त्रज्ञ ॲश तोच. पण हा माणूस घडला शेक्सपिअरच्या नाटकांत, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत तो इंग्लंडच्या रंगभूमीवरच्या अगदी पहिल्या फळीतल्या नटांपैकी होता.

जन्म १२ सप्टेंबर १९३१ चा, लंडनच्या पूर्वेला एसेक्समधल्या गुडमेझचा. आईवडील स्कॉटिश. वडील तिथल्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक, आई परिचारिका. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिकायला गेला, मधे सक्तीच्या लष्करी सेवेसाठी ऑस्ट्रियात जाऊन आला आणि १९५३ मध्ये शिक्षण संपवलं. पुढच्याच वर्षी स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर थिएटरमध्ये ‘ऑथेल्लो’त भाला धरून उभं राहायचं काम मिळालं. आपल्याकडच्या संगीत नाटकांतल्या भालदार-चोपदारांसारखंच हे काम. एक ओळ नाही, पण रोज संध्याकाळी मोठी माणसं कशी श्वास घेतात, कुठे थांबतात हे विंगेतून बघायला मिळतं.

उंची साडेपाच फुटांच्या आसपास. त्या काळात राजाच्या भूमिकेसाठी कुणी अशा नटाकडे बघत नसे. १९५९ मध्ये ‘किंग लिअर’मध्ये चार्ल्स लॉटनच्या लिअरसमोर तो विदूषक झाला, त्याच हंगामात ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला खोडकर पक झाला. मग १९६१ मध्ये दिग्दर्शक पीटर हॉलने त्याच संस्थेची रॉयल शेक्सपिअर कंपनी केली, कायमची नटमंडळी बांधली, आणि होमचे दिवस फिरले. १९६३-६४ मध्ये शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांची मोठी मालिका तिथे सलग उभी राहिली. त्यात होम तिसरा रिचर्ड होता आणि पाचवा हेन्रीही होता. हेन्रीसाठी त्याला इव्हनिंग स्टँडर्ड या लंडनच्या वर्तमानपत्राचा नाट्यपुरस्कार मिळाला. त्याआधीच्या पिढीत हेन्री म्हणजे तुतारीसारखा आवाज. होमचा हेन्री दमलेल्या सैनिकांमधून चालणारा तरुण माणूस होता, जो बोलता बोलता पुढचं वाक्य शोधतो आहे असं वाटावं. कविता गाऊन न दाखवता विचार म्हणून बोलायची ही रीत त्या कंपनीचीच होती, पण होमच्या अंगात ती जशी मुरली तशी थोड्यांच्याच.

१९६५ मधल्या, नाटककार हॅरल्ड पिंटरच्या ‘द होमकमिंग’पाशी मला जरा थांबायचं आहे. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे, हा नट किती मोठा होता ते तिथे दिसतं. लंडनमधलं एक घर, त्यात म्हातारा बाप, काका आणि दोन मुलगे. थोरला मुलगा अमेरिकेतून बायकोला घेऊन रात्री उशिरा येतो. बाहेर एक फेरी मारून ती एकटीच परत येते तेव्हा दिवाणखान्यात मधला भाऊ लेनी भेटतो. ती भूमिका होमची. लेनी तिच्याशी गोड बोलतो, मधेच बायकांना मारहाण केल्याच्या दोन भयंकर हकिकती सहज सांगतो. मग तिच्यापुढचं रक्षापात्र, म्हणजे ॲशट्रे, बाजूला करतो. मग पाण्याचा ग्लास उचलू बघतो. ती म्हणते, माझं पाणी संपलेलं नाही. तो म्हणतो, माझ्या मते पुरे झालं. ती शांतपणे सांगते की तू ग्लास घेतलास तर मी तुला घेईन. बस्स, एवढंच. एक ग्लास पाणी, आणि त्यावर अख्ख्या घराची सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

हे नाटक १९७३ मध्ये पीटर हॉलनेच चित्रपट म्हणून केलं. लेनी होमच आहे आणि समोर रंगमंचावरचीच व्हिव्हियन मर्चंट. हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना आवाज बंद करून दाखवते. होमचे डोळे पाहा. स्वतःचं वाक्य संपलं की नट बहुधा सैल पडतो, पुढच्या वाक्याची वाट बघतो. होम स्वतःचं वाक्य संपल्यावर जास्त जागा होतो. समोरची बाई काय करणार हे त्याला खरोखर माहीत नाही असं वाटतं, आणि ते वाटणं त्याने रोजच्या प्रयोगात टिकवलं होतं. न्यूयॉर्कला हे नाटक गेलं तेव्हा १९६७ मध्ये त्याला सहायक भूमिकेसाठी टोनी हा अमेरिकेतला मानाचा नाट्यपुरस्कार मिळाला. म्हणजे पस्तिशीत शेक्सपिअर आणि पिंटर दोन्ही हाताशी, अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना नाव.

आणि १९७६ मध्ये हे सगळं थांबलं.

रॉयल शेक्सपिअर कंपनीच अमेरिकन नाटककार युजीन ओनीलचं ‘द आइसमन कमेथ’ करत होती. होमकडे हिकी हा फिरता विक्रेता होता. चार तासांच्या वर चालणारं नाटक, आणि शेवटच्या अंकात हिकीचा कबुलीजबाब, जो जवळजवळ एकपात्री प्रयोगाएवढा लांब आहे. रीतसर उद्घाटनाच्या आधीच्या प्रयोगांतच होम कोसळला. पाठांतर गेलं, अंग साथ देईना, तो रंगमंचावरून निघून गेला आणि ती भूमिका त्याने परत केली नाही. दुसरा नट घ्यावा लागला. त्यानंतर एखादा अपवाद सोडला तर सतरा वर्षं तो नाटकापासून लांब राहिला.

याची कारणं शोधायचा मोह होतो. लहानपण, घरातल्या घडामोडी, कामाचा ताण, दारू, असं बरंच काही लोक जोडतात. मी त्यात पडत नाही. मला नटाच्या अंगाने काय घडतं ते दिसतं. पाठ झालेली ओळ तुम्ही आठवत नसता, ती आधीच्या कृतीच्या शेपटाला धरून आपोआप येते. समोरच्याने खुर्ची ओढली की तुमचं वाक्य सुटतं. ज्या क्षणी तुम्ही समोरच्याकडे बघणं सोडून स्वतःकडे बघायला लागता, आता पुढचं येईल ना, असं आतून तपासता, त्या क्षणी ती साखळी तुटते. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, आणि हे सगळं होतंय हेही तुम्हीच बघत बसता. विंगेतून मिळालेली ओळ तेव्हा उपयोगाची नसते, कारण ती ऐकायला तुम्ही जागेवर नसता. तुझं नेमकं हेच झालंय. तू ओळ विसरला नाहीस, तू समोरच्या पात्राला सोडून गेलास.

यात तू एकटा नाहीस हे सांगायला दोन नावं पुरेत. लॉरेन्स ऑलिव्हिए नॅशनल थिएटरचा प्रमुख असताना, साठच्या दशकाच्या मध्यावर, त्याला या भीतीने पुरतं ग्रासलं आणि ती काही वर्षं टिकली. ‘ऑथेल्लो’ करताना तो इयागो करणाऱ्या फ्रँक फिन्लेला म्हणे की तुझं काम संपलं तरी विंगेत मला दिसेल असा उभा राहा. इंग्लंडचा सर्वांत मोठा मानला गेलेला नट हे विनवत होता. डेरेक जेकबी हॅम्लेटच्या दौऱ्यात सगळ्या जगाला पाठ असलेल्या त्या स्वगताशी अडखळला आणि नंतर बराच काळ रंगमंचावर गेला नाही. भीती नवख्यांना गाठते हा आपला समज चुकीचा आहे. ती बहुतेक वेळा ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही जमलेलं असतं त्याला गाठते.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. होम सिनेमा आधीही करत होता. १९६८ च्या ‘द बोफर्स गन’साठी त्याला बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला होता. पण १९७६ नंतर कॅमेरा हीच त्याची जागा झाली. १९७८ मध्ये बीबीसीसाठी त्याने ‘पीटर पॅन’चा लेखक जे. एम. बॅरी साकारला. १९७९ मध्ये ‘एलियन’ आला. ॲश हा माणूस नसून यंत्र आहे हे प्रेक्षकाला फार उशिरा कळतं, आणि होमला दोन्ही बाजू सांभाळायच्या होत्या. कळण्याआधी संशय येता कामा नये, कळल्यावर सगळं आधीपासून दिसत होतं असं वाटलं पाहिजे. एका ठिकाणी तो एकटा आहे आणि जागच्या जागी दोन क्षण धावल्यासारखं करतो. पहिल्यांदा बघताना हे थकलेल्या माणसाचं अंग मोकळं करणं वाटतं. दुसऱ्यांदा बघताना अंगावर काटा येतो, कारण माणसाची ती नक्कल थोडीशी चुकलेली आहे. शेवटी त्याचं तुटलेलं डोकं टेबलावर ठेवून सहकारी त्याला प्रश्न विचारतात. चित्रीकरणात होमचं खरं डोकं टेबलाच्या भोकातून वर काढलेलं होतं आणि भोवती दूध, पास्ता, काचेच्या गोट्या. अशा अवस्थेत, शरीर नसताना, नुसत्या चेहऱ्याने तो समोरच्यांना तुमच्याबद्दल सहानुभूती वाटते असं सांगतो आणि ओठाच्या कोपऱ्यात हसतो. लेनीचा ग्लास उचलणारा नट इथेही आहे, फक्त आता हातसुद्धा नाहीत.

१९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’मध्ये तो धावपटू हॅरल्ड अब्राहम्सचा प्रशिक्षक सॅम मुसाबिनी आहे. १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक. पैसे घेऊन शिकवणारा प्रशिक्षक ही गोष्टच तेव्हाच्या सभ्य लोकांना खपत नव्हती, म्हणून मुसाबिनी मैदानात जात नाही, जवळच्या हॉटेलच्या खोलीत बसून राहतो. शर्यत त्याला दिसत नाही. खिडकीतून आपल्या देशाचा ध्वज चढताना दिसतो, राष्ट्रगीत ऐकू येतं, तेव्हा कळतं. तो पलंगावर बसतो आणि हातातल्या गवती टोपीच्या माथ्यावर मूठ मारून भोक पाडतो. आयुष्यभराचा अपमान, अभिमान, एकटेपणा सगळं त्या एका ठोशात. त्यासाठी त्याला बाफ्टा मिळालं, ऑस्करचं नामांकन मिळालं. ऑस्कर त्या वर्षी जॉन गिलगुड या दुसऱ्या इंग्रज नटाकडे गेलं. नाटकातला नट कॅमेऱ्यापुढे मोठा पडतो असं म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग दाखवते. टोपीला भोक पाडणं ही छोटी कृती नाही. ती मोठीच आहे. तिच्या आधीचा थांबा खरा आहे म्हणून ती मोठी कृती कॅमेऱ्याला झेपते.

त्याच वर्षी बीबीसी रेडिओवर त्याने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला फ्रोडो केला, नुसत्या आवाजात. पुढे ‘ब्राझील’, ‘ड्रीमचाइल्ड’, केनेथ ब्रानाच्या ‘हेन्री द फिफ्थ’मधला फ्लुएलेन, मेल गिब्सनच्या हॅम्लेटसमोर पोलोनियस. कामं भरपूर, बहुतेक दुय्यम, जवळजवळ सगळी चोख. पण इथे एक गोष्ट मला स्पष्ट सांगितली पाहिजे. पंचेचाळीस ते साठ हे वय नटाला फार क्वचित परत मिळतं. मॅकबेथ, शायलॉक, चेकॉव्हचा व्हान्या अशा भूमिकांचं ते वय. त्या वयातला होम लंडनच्या प्रेक्षकाला रंगमंचावर जवळजवळ दिसलाच नाही. हे नुकसान खरं आहे आणि कितीही चांगल्या सिनेमांनी ते भरून निघत नाही.

परतला तो १९९३ मध्ये. बोलावणं पिंटरच्या नव्या नाटकाचं होतं, ‘मूनलाइट’. अल्मेडा थिएटर, सुमारे सव्वातीनशे खुर्च्या. भूमिका अँडीची, जो मरणशय्येवर आहे आणि बायकोशी बोलतो, भांडतो, मुलांची वाट बघतो. या तपशिलांकडे एका दिग्दर्शिकेच्या नजरेने बघ. ज्याच्या वाक्यांची लय आपल्या अंगात तीस वर्षं आहे असा लेखक. छोटं नाट्यगृह, जिथे आवाज फेकायला लागत नाही. पात्र बहुतेक वेळ अंथरुणात. कुणी मुद्दाम ठरवून भीतीतून बाहेर यायचा रस्ता आखला असता तर याहून चांगला आखता आला नसता. त्या भूमिकेने त्याला पुरस्कार तर दिलेच, पण चार वर्षांनी नॅशनल थिएटरचा तेव्हाचा प्रमुख रिचर्ड आयर त्याच्यासोबत लिअर करायला निघाला, ही मोठी गोष्ट.

लिअरही झाला तो नॅशनलच्या सर्वांत लहान रंगमंचावर, कॉटस्लोमध्ये. होम तेव्हा ६५ वर्षांचा. आपल्या पिढ्यांना लिअरची ओळख ‘नटसम्राट’च्या अप्पासाहेबांमधून झालेली असते, त्यामुळे लिअर म्हणजे ज्याच्याबद्दल कळवळा यावा असा बाप, हे आपण गृहीत धरतो. होमचा लिअर सुरुवातीला कळवळा येऊ देत नाही. बुटका, चपळ, संतापी, घरातल्यांना टेबलाभोवती बसवून प्रेमाचा हिशेब मागणारा. असा बाप आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या घरात पाहिलेला असतो. आणि वादळाच्या प्रसंगात हाच माणूस अंगावरचं सगळं काढून टाकतो, अक्षरशः. ज्या नटाला प्रेक्षकांसमोर उभं राहायची धास्ती बसली होती, तो हातभर अंतरावर बसलेल्या प्रेक्षकांसमोर विवस्त्र उभा राहिला. त्यासाठी त्याला ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला, १९९८ मध्ये सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी आलेलं या लिअरचं दूरचित्रवाणी रूपही आहे, ते अवश्य बघ. दोन दशकं कॅमेऱ्याजवळ काढल्याशिवाय तो लिअर असा झाला नसता, असं माझं ठाम मत आहे. जवळून बघणाऱ्याला घाबरायचं नाही, हे कॅमेऱ्याने त्याला शिकवलं होतं.

१९९७ मध्येच दिग्दर्शक ॲटम इगोयानचा ‘द स्वीट हिअरआफ्टर’ हा चित्रपट आला. शाळेची बस बर्फात बुडून मुलं गेलेल्या गावात आलेला वकील होम आहे. विमानात शेजारी बसलेल्या तरुणीला तो आपल्या मुलीच्या लहानपणाची एक रात्र सांगतो. मुलीला विषारी कोळी चावतो, इस्पितळ लांब, गळा सुजून श्वास थांबला तर बापानेच तो चिरायचा असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं. मुलगी मांडीवर, हातात चाकू, आणि तो तिला गाणं म्हणून दाखवतो आहे. हे मोठं निवेदन आहे आणि होम ते जवळजवळ न हलता बोलतो. हिकीचा कबुलीजबाब अर्धवट टाकून गेलेल्या माणसाने वीस वर्षांनी केलेलं हे निवेदन आहे, हे लक्षात ठेवून बघ.

२००१ मध्ये डब्लिनच्या गेट थिएटरने ‘द होमकमिंग’ केलं. या वेळी होम बाप झाला, मॅक्स. पिंटरने मॅक्सचं वय सत्तर दिलं आहे आणि लेनीचं तिशीच्या सुरुवातीचं. होम पहिल्या वेळी ३३ वर्षांचा होता, या वेळी ६९. एकाच नाटकातल्या दोन पिढ्या, दोन्ही नेमक्या वयात. त्याच वर्षी बिल्बोही आला. पुढे पार्किन्सन झाला. ‘हॉबिट’च्या वेळी न्यूझीलंडला जाणं झेपणारं नव्हतं म्हणून त्याचे प्रसंग लंडनजवळ चित्रित केले. १९ जून २०२० ला तो गेला, वय ८८. २०२४ मध्ये ‘एलियन: रोम्युलस’मध्ये कुटुंबाच्या संमतीने त्याचा चेहरा यंत्रांच्या मदतीने पुन्हा उभा केला गेला. संमती होती, तरी मला ते बघवलं नाही. चेहरा त्याचा आहे, पण समोरच्याचं ऐकणारं कुणी त्यात नाही.

आता तुझ्याबद्दल. मालिका घे. ते पळून जाणं ठरेल की नाही, हे तू तिथे काय करतोस त्यावर आहे. सेटवर स्वतःचा क्लोजअप संपला की मोबाइल काढू नकोस. समोरच्याच्या क्लोजअपला कॅमेऱ्यामागे उभा राहून त्याला पूर्ण वाक्यं दे, डोळे दे. हा तुझा रियाज. ब्लँक झाल्याची गोष्ट लपवू नकोस, पुढच्या दिग्दर्शकाला पहिल्याच तालमीत सांग. होमने आपल्या आत्मचरित्रात ही गोष्ट झाकून ठेवली नाही. रंगमंच सोडून इतर वेळीही, बसमध्ये, झोपेत, छाती धडधडत असेल तर डॉक्टरांकडे जा, त्यात कमीपणा नाही. परतायचं असेल तेव्हा बालगंधर्वसारख्या मोठ्या नाट्यगृहातून सुरुवात करू नकोस; सुदर्शनसारखा लहान रंगमंच बघ, ओळखीच्या लेखकाचं नाटक बघ, आणि लांबलचक स्वगत नसलेली, समोर सतत कुणीतरी असलेली भूमिका घे. आणि मालिकेचा करार करतानाच वर्षातून तालमीपुरत्या तारखा मोकळ्या मिळतील का ते विचारून कागदावर घे. एकदा मालिका चालायला लागली की तारखा सोडवणं फार अवघड जातं.